मागं राहणाऱ्याची वारी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात वैराग येथे केलेलं भाषण)

आम्ही शेतकरी माणूस. शाळा चौथीपर्यंत, पुढची विद्या औतामागं आणि कीर्तनाच्या फडावर झाली. शब्द कमी-जास्त झाला तर पदरात घ्या.

दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत कोण कोण चाललं, ते आधीच्या मंडळींनी फार चांगलं सांगितलं. आम्हाला आज सांगायचं आहे ते जे चालले नाहीत त्यांच्याविषयी.

हा विषय आमच्या डोक्यात घातला एका वाटसरूनं. काही वर्षांमागं माढ्याकडं जाताना एक तरुण आमच्या दिंडीत मिसळला. पुण्याकडचा पोरगा, आई-बापाला एकुलता एक. नोकरीपायी तीन वर्षं बाली बेटावर राहून आलेला. हे बाली इंडोनेशिया देशात आहे. देश बहुतेक मुसलमानांचा, पण या एका बेटावर लोक हिंदू धर्म पाळतात. आम्ही म्हटलं, "एवढ्या लांब समुद्रापार हिंदू? मग ते करतात तरी काय?" दोन मुक्काम तो सांगत होता आणि आम्ही ऐकत होतो.

तो म्हणाला, तिथं प्रत्येक घराच्या आवारात घरच्यांचं एक देऊळ असतं. बायका रोज नारळाच्या झावळीची तळहाताएवढी परडी विणतात, तीत फुलं ठेवतात आणि देवापुढं, चुलीपाशी, उंबऱ्यावर, दुकानाच्या दारात मांडतात. दर 210 दिवसांनी गलुंगन नावाचा सण येतो. त्या दिवशी वाडवडील घरी येतात असं मानतात, आणि दहा दिवसांनी त्यांना निरोप देतात. त्या सणाला दारात उंच बांबू उभा करतात, शेंड्याला वाकलेला, पानाफुलांनी सजवलेला. आम्ही म्हटलं, "मग ही आपली गुढीच की!" तो हसला अन् म्हणाला, "महाराज, त्यांचं सालही आपलंच आहे. शक म्हणतात. इसवी सनातून 78 वजा केले की त्यांचं साल निघतं, तसंच आपलं शालिवाहन शक. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिथं कुणी चूल पेटवत नाही, रस्त्यावर येत नाही. विमानतळसुद्धा दिवसभर बंद असतो."

आम्हाला शेतकऱ्याला जास्त गोडी वाटली ती पाण्याची. तिथं भातशेतीच्या पाण्याची व्यवस्था गावकरी मिळून बघतात. तिला सुबक म्हणतात. पाण्याचं देऊळ असतं, तिथं सगळे जमतात, कुणी कधी पेरायचं, कुणाला कधी पाणी, ते ठरवतात. हजार वर्षांची ही रीत, आणि 2012 साली युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. आपल्याकडंही खानदेशात पांझरेच्या काठानं अशीच पद्धत होती. बंधाऱ्याचं पाणी पाटकरी पाळीनं सोडायचा. तिला नाव काय? फड! वारकऱ्यांचाही फड आणि पाण्याचाही फड. दोन्हीकडं अर्थ एकच, एकट्यानं करायचं नाही, पाळीनं करायचं.

मग त्यानं बंजर सांगितलं. बंजर म्हणजे आपली आळी समजा. लग्न झालं की नवरा-बायको बंजरात धरले जातात. कुणाच्या घरी मयत झालं, कार्य निघालं, की घरटी माणूस मदतीला गेलंच पाहिजे. गेलं नाही तर दंड. "तीन गोष्टींचं जमलं तर माणसाचं हित होतं," असं ते लोक म्हणतात. माणसाचं देवाशी, माणसाचं माणसाशी आणि माणसाचं माती-पाण्याशी. त्याला ते त्रि हित करण म्हणतात. शब्द आपलेच आहेत, समुद्र ओलांडून गेलेले.

तिकडं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. तो पोरगाच म्हणाला, भाताची खाचरं हॉटेलांखाली चालली, तरणी पोरं तिथं नोकरीला लागली, आणि त्या परड्या विणण्याचं काम जन्मभर बाईच्याच वाट्याला. आम्ही म्हटलं, हेही आपल्यासारखंच.

दुसऱ्या मुक्कामाला हरिपाठ झाला, पंगत उठली, तेव्हा तो जवळ येऊन बसला. म्हणाला, "महाराज, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार की."

"तुम्ही एवढी माणसं आठ-दहा दिवस घराबाहेर. मग घरी म्हाताऱ्या माणसांजवळ कोण आहे?"

आम्ही म्हटलं, "आहे की. घरोघर कुणीतरी मागं राहतंच. कुणाची सून, कुणाचा धाकटा भाऊ, कुणाची लेक माहेरी येऊन राहते."

"मग त्यांची नावं तुमच्या वहीत असतील?"

माय-बाप हो, आपली वही तुम्हाला ठाऊक आहे. कुणी किती भिशी दिली, कोणत्या गावात कुणी पंगत घातली, कुणाच्या किती वाऱ्या झाल्या, सगळं तिच्यात आहे. पण मागं कोण राहिलं, त्याचा रकाना तिच्यात नाही. आम्ही त्याला तसंच सांगितलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "माझी आई पुण्यात एकटी असते. तिच्या शेजारणीचं नावसुद्धा मला माहीत नाही."

आता संतसज्जनहो, आपण कुणाच्या दारी जातो ते आठवा. पुंडलिक काशीला निघाला होता, पण कसा? आपण घोड्यावर आणि म्हातारे आई-बाप पायी. यात्रा घडत होती आणि आई-बापांचे पाय सोलत होते. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याला दिसलं, की गंगा-यमुनासुद्धा लोकांची पापं धुऊन मळतात आणि आई-बापांची सेवा करणाऱ्याच्या अंगणात झाडलोट करून पुन्हा निर्मळ होतात. तिथून पुंडलिक फिरला. पुढं देव दारात आला, तेव्हा तो आई-बापांचे पाय चेपत होता. उठला नाही. वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव रुसला का? नाही. कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगं उभा आहे. अजूनही चंद्रभागेत स्नान केलं की आपण आधी वाळवंटातल्या पुंडलिकाला जातो, मग विठोबाला. जयघोषातही पहिलं नाव पुंडलिकाचं. का? घरी सेवा चालू होती म्हणून पंढरीत देव थांबला.

दुसरा दाखला आपल्या शेजारचा. अरण आपल्या माढा तालुक्यात. तिथले सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत असं सांगतात. मोट, पाट, भाजी, त्यातच त्यांनी देव पाहिला. 1295 साली आषाढ वद्य चतुर्दशीला ते समाधिस्थ झाले. साऱ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण पांडुरंगाची पालखी पंढरीहून निघून अरणला जाते. जो गेला नाही, त्याच्याकडं देव चालत जातो. आता सावता महाराजांचं नाव सांगून कुणी घरी लोळत पडायचं नाही हं! ते मळ्यात राबत होते.

काही जण म्हणतील, माळ घातली म्हणजे वारी चुकवायची नाही, हा नेम आहे. खरंच आहे. नेम आमच्याही घराचा आहे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही दोघा भावांनी विहिरीच्या पाण्यासारखी पाळी लावली. एक आषाढी थोरल्यांनी चालायचं, एक आम्ही. जो मागं राहील त्यानं वडिलांचं न्हाऊ-माखू, पथ्यपाणी करायचं आणि संध्याकाळी त्यांच्या उशाला बसून हरिपाठ म्हणायचा. वडील पडल्या पडल्या बोटांनी ताल धरायचे. चार वर्षं असं चाललं. नेम घराचा होता, तो घरानं पाळला.

पण आम्ही दोघं होतो. ज्या घरी एकच सून आहे आणि सासू उठू शकत नाही, तिनं पाळी कुणाशी लावायची? आज कितीतरी घरांत लेक पुण्याला, मुंबईला, नाहीतर परदेशी. आमच्या आळीतली एक माऊली तर अकरा वर्षं पंढरीला गेली नाही. दरसाल दिंडीला भाकरी बांधून देते आणि वेशीपर्यंत येऊन परत फिरते. तिची वारी कुठं लिहायची?

म्हणून या शंभराव्या वर्षी दिंडीपुढं आमची तीन मागणी आहेत. पहिली, वहीत दोन रकाने करा. एकात चालणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात त्याचं घर राखणाऱ्याचं. दुसरी, ज्येष्ठात भिशी गोळा करायला आळीत फिराल, तेव्हा नुसते पैसे मोजू नका. या घरी अंथरुणाला कोण आहे, ते विचारा. अशा घराला शेजारच्या चार घरांनी एकेक दिवस वाटून घ्यायचा, म्हणजे त्या सुनेला निदान एकादशीला तरी पंढरी बघता येईल. दंड बालीत असू दे, आपण प्रेमानं करू. तिसरी, दिंडी वैरागात परत येईल तेव्हा पंढरीचा बुक्का आणि चुरमुऱ्याचा प्रसाद आधी त्या घरांत जाऊ दे. विणेकऱ्यांनी स्वतः जाऊन म्हाताऱ्या माणसाच्या कपाळाला बुक्का लावावा, आणि त्याला सांभाळणाऱ्याच्या पाया पडावं.

यानं चालणारे कमी होतील, अशी भीती काही मंडळींनी आम्हाला बोलून दाखवली. आमचं उलट मत आहे. आज कितीतरी पाय घरच्या काळजीनं अडलेले आहेत. काळजी वाटून घेतली तर ते पाय सुटतील. आणि जो पाळीनं मागं राहील, त्यालाही कळेल की आपण दिंडीतच आहोत.

शताब्दीची नवी वही आज पूजेला ठेवली आहे. तिचं पहिलं पान अजून कोरं आहे. चालणाऱ्यांची नावं पुढं शंभर वर्षं लिहायचीच आहेत. पहिल्या पानावर मात्र अकरा वर्षं वेशीवरून परत फिरलेल्या त्या माऊलीचं नाव लिहावं, एवढी विनंती करतो आणि आमची सेवा इथं थांबवतो.

रामकृष्ण हरी.