निनावी राहिलेली कविता
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगलदिनी आम्ही तुम्हाला जपानमधल्या एका बौद्ध कवीची ओळख करून देणार आहोत. त्यांचे नाव फुजिवारा नो शुंझेई. जन्म इ. स. १११४, निधन १२०४. दरबारातले उमराव आणि ३१ अक्षरांच्या 'वाका' कवितेचे मोठे गुरू. ११७६ साली आजारपणात त्यांनी मुंडन करून दीक्षा घेतली, पण कविता सोडली नाही. कवितेची खोली समजून घ्यायची तर शमथ-विपश्यनेचा दाखला घ्यावा, असे त्यांनी पुढे ११९७ च्या ग्रंथात लिहिले.

११८३ साली निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांनी त्यांना काव्यसंग्रह तयार करायला सांगितले. त्याच वर्षी युद्धात तायरा घराण्याला राजधानी सोडून पळावे लागले. त्यांच्यातला तादानोरी हा सरदार शुंझेईंचा शिष्य. 'हेइके मोनोगातारी' या युद्धकथेत सांगितले आहे, की तो वाटेतून माघारी फिरला आणि गुरूच्या दारी आला. घरातली माणसे घाबरली, पण शुंझेईंनी दार उघडायला लावले. चिलखतातून कवितांची गुंडाळी काढून तो म्हणाला, शांतता झाल्यावर यातली एक जरी योग्य वाटली तर घ्या. पुढच्याच वर्षी तो लढाईत मारला गेला.

११८८ साली 'सेन्झाइशू' हा संग्रह पूर्ण झाला. त्याच्या २० भागांपैकी एक अख्खा भाग बौद्ध कवितांचा आहे. तादानोरीची एक कविताही त्यात आली. शिगा इथली ओसाड जुनी राजधानी आणि तिथली रानचेरीची फुले, हा तिचा विषय. पण कवी दरबाराचा शत्रू ठरलेला, म्हणून नावाच्या जागी 'कवी अज्ञात' असे लिहिले. पुढे झेआमीच्या नाटकात तादानोरीचा आत्मा हेच दुःख सांगतो : कविता राहिली, नाव गेले.

बंधू-भगिनींनो, शुंझेईंना दोष देणे सोपे आहे. नाव घातले असते तर कदाचित कविताही गेली असती. त्यांच्या हातात जेवढे होते तेवढे त्यांनी वाचवले. आपल्यावर मात्र कोणा राजाची आज्ञा नाही. आपल्या वस्तीत म्हटली जाणारी कितीतरी भीमगीते, पाळणे कोणी रचले, हे आज कोणाला ठाऊक आहे? म्हाताऱ्या माणसांना विचारा. गाणे लिहा आणि त्याखाली रचणाऱ्याचे नाव लिहा. बाईचे असेल तर तिचे स्वतःचे नाव लिहा, 'अमक्याची आई' नको. विहारात त्यासाठी एक वही ठेवू या.

सब्बे सत्ता सुखी होन्तु. नमो बुद्धाय, जय भीम!