नवी मोटार आणि आल्प्सचा घाट

नवी मोटार दारीं आली, कीं मालकाचें मन तिच्याही पुढें धांवूं लागतें. झुरिचमधील एखादें कुटुंब तीन दिवसांत व्हेनिस गांठून परतण्याचा बेत आखतें. नकाशावर तो सहज साधतो. पण कोऱ्या यंत्राचें वय नकाशाला कळत नाहीं. पहिले सुमारें दीड हजार किलोमीटर तें जपूनच चालवावें लागतें. अशा गाडीला सुमारें २०० किलोमीटरवरील लुगानोचें सरोवर पुरेसें आहे.

वाटेंत गॉटहार्ड पर्वत आडवा येतो. त्याच्या पोटांतून १९८० सालीं खुला झालेला १६.९ किलोमीटरचा बोगदा जातो. माथ्यावरून २१०६ मीटर उंचीचा घाट, तो मात्र हिवाळ्यांत बर्फानें बंद असतो. महामार्गासाठीं ४० फ्रँकचा वार्षिक परवाना आधींच घ्यावा. घाट उतरतांना पाय सतत ब्रेकवर राहिला, तर ब्रेक तापून ऐन वळणावर दगा देतात. नव्या ब्रेकांचा तर अजून जमही बसलेला नसतो. म्हणून खालच्या गिअरांत, सावकाश उतरावें.

एक मुक्काम कमी झाल्यानें हानि होत नाहीं. माणसें सुखरूप घरीं परतलीं, म्हणजे व्हेनिस पुढच्या वर्षींही आपल्या जागीं असतेंच!