भिजल्या दाण्यातली डागडुजी

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांच्या बियाणे बँकेचे कौतुक घरोघर पोचले. ते रास्तच आहे. पण बी जपायचे म्हणजे त्यातले नेमके काय जपायचे? माझे म्हणणे असे, की भाताचा वाण चवीवर आणि उताऱ्यावर जोखतो, तसा तो पेशीच्या डागडुजीवरही जोखावा. कोरड्या साठवणीतही दाण्यातल्या डीएनएवर घाव पडत राहतात. दाणा भिजला, की पेशी विभागण्याआधी ते बुजवावे लागतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर आसपासच्या हिस्टोन प्रथिनांवर फॉस्फेटची खूण चढते आणि त्या जागी दुरुस्तीची प्रथिने गोळा होतात. केयू ही प्रथिनांची जोडी तुटकी टोके धरते, लायगेज हे प्रथिन ती सांधते. काम झटपट होते, पण सांध्यात थोडीफार गळती होते. दुसरी वाट आरएडी-51 या प्रथिनाची: ते शाबूत प्रत गाठून देते आणि तिच्याबरहुकूम तुटलेला भाग भरला जातो. अरॅबिडॉप्सिस या रोपट्यात लायगेज निकामी केल्यावर जुन्या बियांची उगवण जास्तच खालावते, असे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

अरॅबिडॉप्सिस म्हणजे भात नव्हे, असे कोणी म्हणेल. मग जपानचे ससानिशिकी आणि नोरिन 1 हे भाताचेच वाण घ्या. जवळच्या नात्यातले, तरी अतिनील किरणांपुढे पहिला तगतो, दुसरा खचतो. फोटोलायेज या दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनातल्या 126व्या जागी एकच अमिनो आम्ल बदलले, त्याचा हा परिणाम. घाव वेगळ्या जातीचा आहे, हे कबूल. पण दुरुस्तीची ताकद वाणागणिक बदलते, एवढे यातून पक्के होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुरुस्ती अगदी बिनचूक झाली तर नवे वाण यायचे कुठून? खरेच आहे. मे 2025 मध्ये जाहीर झालेल्या ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस 1’ या जनुक-संपादित वाणांतही कात्री माणसाची, सांधा मात्र भाताच्या पेशीचा. म्हणून गळती शून्यावर आणायचा आग्रह मी धरत नाही.

आणि देशी म्हणून दुरुस्ती सरस, असेही मी म्हणत नाही. तसे मानणे भाबडेपणाचे होईल. तपासून पाहावे. बी काही दिवस उष्ण, दमट हवेत ठेवून मग उगवण मोजायची, ही कसोटी जुनी आणि स्वस्त आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने अकोल्याच्या काळभातासारख्या वाणांवर ती लावावी आणि आकडे शेतकऱ्यांपुढे मराठीत मांडावेत.