आकड्याच्या बोलीतील कर्ता



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी व्याकरणाच्या तासाला एक प्रश्न पुनःपुन्हा विचारीत : "वाक्यातला कर्ता कोण?" तोच प्रश्न मी आज मटक्याच्या बोलीला विचारणार आहे. काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु बेळगावच्या बाजारपेठेत वावरलेल्या कोणासही ही बोली परकी नाही.

हा खेळ मुळात मुंबईचा. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि मिटत्या भावांवर तेथे पैजा लागत. १९६१ साली तो आधार तुटला. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला निराळा. कापसाचे भाव गेले, पत्ते आले. 'ओपन' आणि 'क्लोज' मात्र राहिले. आपल्या सीमाभागात तर 'ओसी' ही आद्याक्षरेच खेळाचे नाव होऊन बसली.

आता क्रियापदे पाहा. खेळणारा आकडा 'लावतो'. येथे कर्ता स्पष्ट आहे, म्हणजे दोषही त्याचाच. निकाल मात्र 'लागतो', 'फुटतो', 'येतो'. तो काढला कोणी? वाक्यात कोणीच नाही. दहा आकड्यांतून एक येणार आणि रुपयाला साधारण नऊ मिळणार; मधला रुपया कोठे गेला, हा प्रश्न या वाक्यरचनेत उद्भवतच नाही. बुकी लोकांच्या आपसातील बोलण्यात मात्र कर्ता लपत नाही. तेथे बुकी पैसे स्वतः 'खातो', किंवा न पेलणारी रक्कम वरच्याकडे 'पाठवतो'.

संबोधनांचेही तसेच. १९७०च्या दशकात, मी नुकताच प्राध्यापक झालो असताना, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक रायटर बसे. चिठ्ठी फाडताना तो प्रत्येक हमालाला 'मामा' म्हणे. एके दिवशी एका हमालाचा नव्वा फुटला. दोन रुपयांचे अठरा व्हायचे होते. रायटर म्हणाला, चिठ्ठीवर एक्का आहे. देवनागरीत १ आणि ९ घाईत लिहिले की सख्खे भाऊ दिसतात, हे आपण जाणताच.

'मामा'चा क्षणात 'ए' झाला. हमाल मात्र 'दादा, दादा' करीत राहिला. करणार काय? १८७२ च्या करार कायद्याने पैजेचा करार मुळातच रद्दबातल, आणि फौजदाराकडे जावे तर खेळणाराही गुन्हेगार.

अखेर त्याने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "सर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच वाचा."

अंकाचे शेपूट खाली वळलेले होते, डोक्याशी गाठही होती. तो नऊच होता. रायटर माझ्याकडे शांतपणे पाहत म्हणाला, "सर, लिहिणारा मी आहे."

मी म्हणालो, "अक्षर नीट लागत नाही." हमालाने चिठ्ठी घडी करून पटक्यात खोवली आणि तो गाडीकडे वळला. दुसऱ्या दिवशी रायटरने मला, प्रथमच, उठून नमस्कार केला.