खुर्चीमागची सोबतीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या समारंभात ‘सेवा’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. सेवा हा शब्द फार मोठा. त्यावर बोलू लागले की माणूस नकळत उपदेश करू लागतो. म्हणून मी एकच काम निवडले आहे. एखादी अपंग धर्मोपदेशिका गावोगावी भाषणे देत फिरत असेल, तर तिच्याबरोबर जाणाऱ्या बाईला काय करावे लागते? मी व्यवसायाने परिचारिका. मणक्याला इजा झालेल्या रुग्णांच्या शुश्रूषेत माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे खुर्चीत बसलेल्या वक्त्याइतकीच खुर्चीमागे उभी असलेली बाई माझ्या नजरेत भरते.

अमेरिकेतील जॉनी एरिक्सन टाडा यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. नाव मुलाचे वाटते, कारण ते वडिलांच्या नावावरून ठेवलेले आहे. त्यांचा जन्म १९४९ सालचा, बाल्टिमोर शहरातला. चार बहिणींत त्या धाकट्या. ३० जुलै १९६७ रोजी चेसापीक उपसागरात त्यांनी सूर मारला. पाणी उथळ होते. मानेचा मणका मोडला आणि खांद्यांखालचे सारे शरीर लुळे पडले. वय अवघे सतरा. जवळच पोहणाऱ्या बहिणीच्या पायाला खेकडा चावला, ती सावध करण्यासाठी मागे वळली, म्हणून जॉनी बुडता बुडता वाचली. पुढे रुग्णालयात जगणेच नकोसे झाले, तेव्हा ‘मला यातून सोडव’ अशी विनवणी तिने मैत्रिणीला केली. मैत्रिणीने ती मानली नाही. पण तिला टाकूनही दिले नाही.

त्याच जॉनीबाई पुढे दातांत कुंचला धरून चित्रे काढू लागल्या. १९७६ साली त्यांचे आत्मचरित्र निघाले, १९७९ साली अपंगांसाठी त्यांनी संस्था काढली, आणि ख्रिस्ती धर्माच्या सभांतून भाषणे देत त्या देशोदेशी फिरल्या. १९८९ साली मनिला येथे भरलेल्या धर्मप्रचारकांच्या जागतिक परिषदेतही त्या बोलल्या. त्यांचा धर्म कोणता आणि आपला कोणता, हा आजचा प्रश्न नाही. ज्या बाईला डोळ्यांवर आलेली बटही स्वतः बाजूला करता येत नाही, ती सातासमुद्रापलीकडे जाऊन हजारो लोकांपुढे बोलते, ते कोणाच्या हातांनी, एवढेच मला पाहायचे आहे.

अशा दौऱ्यातील दिवस भाषणाच्या कितीतरी आधी सुरू होतो. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाही तर अंगाखाली जखमा होतात, आणि त्या भरून यायला महिने लागतात. सकाळी अंघोळ, मलमूत्राची व्यवस्था, हातापायांना व्यायाम, कपडे, आणि मग उचलून खुर्चीत बसवणे. यात दोन तास सहज जातात. लुगड्याची किंवा झग्याची एक चुणी अंगाखाली राहिली तरी चालत नाही. कारण ती टोचते आहे हे तिला कळणारच नाही.

विमानात चाकाची खुर्ची बरोबर नेता येत नाही. ती सामानात जाते. अरुंद खुर्चीवर बसवून दोघांनी उचलून जागेवर ठेवावे लागते. शहाणी सोबतीण खुर्चीवरची गादी मात्र सामानात देत नाही; ती काढून आपल्याजवळ ठेवते. उष्ण देशात आणखी एक काळजी. अशा शरीराला नीट घाम येत नाही, म्हणून ओला पंचा आणि नळीने प्यायचे पाणी हाताशी हवे.

सर्वांत मोठी परीक्षा मात्र ऐन सभेत येते. बोलता बोलता वक्त्याचे डोके ठणकू लागते, चेहरा लालबुंद होतो. पुष्कळदा कारण क्षुल्लक असते. लघवीची नळी कुठेतरी दुमडलेली असते, किंवा कमरेचा पट्टा घट्ट झालेला असतो. शरीराला वेदना कळत नाही, पण रक्तदाब भराभर चढतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. आपला पहिला विचार ‘तिला आडवे करा’ असा असतो. ते करायचे नाही. ताठ बसवायचे, कपडे सैल करायचे, नळी पाहायची आणि तेवढ्याने न भागल्यास ताबडतोब डॉक्टर गाठायचा. हे ज्या बाईला ठाऊक आहे तिला व्याख्यान देता आले नाही तरी चालेल. तिच्यामुळे व्याख्यान पुरे होते.

परंतु भगिनींनो, हातांचे कौशल्य शिकता येते. अवघड आहे ते जिभेला आवर घालणे. खुर्चीत बसलेल्या बाईला सोडून लोक खुर्चीमागच्या बाईला विचारतात, “यांना चहा चालेल का? यांना थंडी वाजते का?” चांगली सोबतीण उत्तर देत नाही. “त्यांनाच विचारा,” म्हणते आणि दोन पावले मागे सरते. वेळ वाचावा म्हणून आपण बोलून टाकले, तर तिच्याजवळ उरलेली एकुलती एक गोष्ट, तिचा शब्द, आपण काढून घेतो.

जॉनीबाईंनी तरुणपणाची एक हकीकत सांगितली आहे. वॉशिंग्टन येथे रोगमुक्तीची मोठी प्रार्थनासभा होती. आपण चालू लागू, या आशेने त्याही गेल्या होत्या. सभा संपण्याआधीच स्वयंसेवक आले आणि पुढे गर्दी होईल म्हणून चाकांच्या खुर्च्यांवरील सर्वांना बाहेर नेऊ लागले. जॉनीबाई उद्वाहनाच्या रांगेत निमूट थांबल्या. पुढे आणि मागेही तसेच निराश होऊन परतणारे लोक. स्वयंसेवकांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्यांच्यासाठी सभा होती, त्यांनाच अर्ध्यावर उठवले गेले, आणि त्यांना कोणी विचारले नाही. न विचारता केलेली मदत अशी असते.

याच्या उलट उदाहरणही त्यांच्याच आयुष्यात आहे. १९८२ साली केन टाडा या शिक्षकाशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांनी एका चित्रपटासाठी गीत म्हटले. फुप्फुसांत बळ नाही, वरचा सूर पोहोचेना. तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या वेळी पतीने त्यांच्या पोटावर हात ठेवून नेमक्या क्षणी दाबले आणि सूर लागला. ऐकणाऱ्याला तो हात दिसत नाही. गाणे मात्र त्यांचेच राहते. मला मदतीची याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही.

आणि मदत घेणारी ती केवळ घेणारी, असेही नाही. १९९४ सालापासून जॉनीबाईंची संस्था जुन्या खुर्च्या गोळा करून गरीब देशांना पाठवते. त्या दुरुस्त करतात अमेरिकेतील तुरुंगांतले कैदी. इतके लांब कशाला जायचे? आपल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ अनेकींनी वाचले असेल. ऐन तारुण्यात अपंगत्व आलेल्या या बाईंनी १९८४ साली संस्था काढली, तिचे नाव ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’. चाकाच्या खुर्चीवरील बाई स्वतःला मदतनीस म्हणवते, यात सारे आले.

आता घरचे बोलते. आपल्या सभागृहाला दोन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचांची. आपल्या एक जुन्या सभासद अर्धांगवायूच्या झटक्यानंतर इथे येत नाहीत. आपण त्यांच्याकडे हळदीकुंकवाचे वाण पोचवतो, फराळ पाठवतो आणि समाधान मानतो. त्यांना यायचे आहे का, हे आपण विचारलेले नाही. एक इंच चढाला बारा इंच लांबी, असा उताराचा हिशोब आहे. म्हणजे बारा फूट उतार लागेल. अंगणात तेवढी जागा आहे. मी मोजून पाहिली आहे. खर्चाचा विषय कार्यकारिणीने पुढील बैठकीत घ्यावा, अशी माझी सूचना आहे. परंतु त्याआधी कोणीतरी दोघींनी त्यांच्या घरी जावे, आणि सुनेला नव्हे, त्यांनाच विचारावे. शब्द उमटायला वेळ लागतो त्यांना. तेवढा वेळ बसावे.