झायडकोची राणी

नृत्यासाठीं वाजविल्या जाणाऱ्या संगीताला कांहींसें हलकें लेखण्याची प्रवृत्ति सर्वच देशांतील सुशिक्षितांत आढळते. जें ऐकून मान डोलते तें श्रेष्ठ, आणि जें ऐकून पाय थिरकतात तें कनिष्ठ, असा हा हिशेब. परंतु आठवडाभर शेतांत राबलेल्या माणसाला शनिवारीं रात्रीं नाचण्याची जी ओढ लागते, तिला ह्या हिशेबांत स्थान नसतें. अमेरिकेंतील झायडको हें संगीत अशा ओढीतून जन्मलें, आणि आयडा गिलरी ह्या बाईंनीं तें आपल्या अकॉर्डियनवर दूरदूरच्या देशांत नेलें.

मेक्सिकोच्या आखाताच्या कांठीं लुइझियाना हें संस्थान आहे. एके काळीं तें फ्रेंचांच्या ताब्यांत होतें. तेथील फ्रेंच बोलणारे आफ्रिकी वंशाचे लोक क्रिओल म्हणून ओळखले जातात. कामें आटोपलीं म्हणजे कोणाच्या तरी घरांतील सामान बाजूला सारावें आणि मोकळ्या झालेल्या खोलींत नाच मांडावा, ही त्यांची जुनी रीत. सुरांना अकॉर्डियन, आणि तालाला कपडे घासण्याची पन्हळी फळी, एवढें साहित्य पुरे होई. पुढें १९४६ सालीं क्लिफ्टन शेनियेर ह्या वादकानें ती फळी खांद्यांवरून छातीवर लटकविण्याजोग्या पत्र्याच्या बंडीच्या रूपांत करवून घेतली. झायडको हें नांवहि घेवड्याच्या शेंगांना असलेल्या फ्रेंच शब्दाच्या उच्चारावरून आलें, असें सामान्यतः मानतात. घेवड्याच्या भाजींत घालावयास खारवलेलें मांसहि मिळूं नये, अशा दारिद्र्याची खूण त्या नांवांत आहे.

अकॉर्डियन हें आपल्या पेटीचें भावंडच होय. दोहोंतहि भात्याच्या वाऱ्यानें धातूच्या पातळ पट्ट्या कांपतात आणि स्वर उमटतो. मात्र पेटीचा भाता एका हातानें हलवितात. अकॉर्डियनचा भाता दोन हातांच्या मध्यें असतो. त्यांतहि बटणांच्या अकॉर्डियनची एक गंमत आहे. तेंच बटण दाबून भाता ओढला तर एक स्वर निघतो, आणि लोटला तर दुसरा. त्यामुळें वादकाला भात्याची दिशा क्षणोक्षणीं बदलावी लागते, आणि त्या हिसक्यांतूनच सुरांना ठेका येतो. ह्या वाद्यावर नाचाची गत इतकी खुलते, त्याचें एक कारण हें आहे. आयडाबाईंचें वाद्य ह्याच जातीचें, एकतीस बटणांचें होतें.

आयडाबाईंचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजीं लुइझियानांतील लेक चार्ल्स येथें, भातशेती करणाऱ्या कुटुंबांत झाला. घरची भाषा फ्रेंच. परंतु १९२१ च्या राज्यघटनेनें तेथील शाळांतून इंग्रजीची सक्ति केलेली, आणि शाळेंत फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. जी भाषा शाळेंत अपराध ठरली, ती नाचाच्या गाण्यांत टिकली. मुलगी दहा वर्षांची असतां कुटुंब टेक्सासमधील बोमाँट येथें गेलें, आणि पुढें ती अठराएक वर्षांची झाली तेव्हां सॅन फ्रान्सिस्कोस. अकॉर्डियनची विद्या तिला आईकडून मिळाली. तथापि लोकांसमोर तें वाजविणें हें पुरुषांचें काम, अशी त्या समाजाची समजूत होती.

मग विवाह झाला, मुलें झालीं, आणि आयडाबाई शाळेची बस चालवूं लागल्या. वादन राहिलें तें घरापुरतें. मुलें मोठीं झाल्यावर मात्र त्या बंधु अल रापोन ह्यांच्या वाद्यवृंदाबरोबर लुइझियानाहून आलेल्या मंडळींच्या नाचांत वाजवूं लागल्या. १९७५ सालीं मार्दी ग्राच्या उत्सवांत त्यांचें वादन झालें आणि त्यांना 'राणी' ही पदवी मिळाली. तेव्हां त्यांचें वय सेहेचाळीस होतें. पुढील वर्षीं त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रिका निघाली. १९८३ सालीं त्यांच्या दौऱ्यावरील ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळालें. झायडकोचा राजा म्हणविले जाणारे शेनियेर ह्यांना तेंच पारितोषिक त्यानंतर एक वर्षानें मिळालें! २००९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीनें लोककलावंतांसाठीं असलेली आपली सर्वोच्च वृत्ति देऊन त्यांचा गौरव केला. झायडकोचा वाद्यवृंद आपल्या नांवानें चालविणाऱ्या त्या पहिल्या अकॉर्डियनवादिका मानल्या जातात.

गृहकृत्यांत गेलेल्या त्या वर्षांनीं त्यांची कला परिपक्व झाली, असें म्हणून समाधान करून घेणें सोपें आहे. पण तें अर्धेंच सत्य होय. त्या वर्षांत जें वाजलें नाहीं, तें आतां कोणालाच ऐकावयास मिळणार नाहीं. आणि मुलें मोठीं झाल्यावरहि ज्यांना अशी संधि लाभली नाहीं, त्या बायकांचीं नांवें कोठेंच नोंदलेलीं नाहींत. आयडाबाईंच्या यशांत आनंद मानावयाचा तो ह्या नोंदीसह. त्यांचें संगीत मात्र तक्रार करीत नाहीं. भाता उघडतो, पत्र्याच्या बंडीवर ठेका सुरू होतो, आणि खुर्चीवर स्वस्थ बसून ऐकण्याचा निश्चय करून आलेला गृहस्थहि थोड्याच वेळांत टाचेनें ताल धरूं लागतो.