कृश देहातील मेद

(आंजी (मोठी) येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस भाषणाचा विषय विचारला, तेव्हा 'स्थूलता' हा शब्द ऐकताच ते हसले. "डॉक्टरसाहेब, आपल्या समाजात जाड माणसे आहेत तरी किती?" असा त्यांचा प्रश्न होता. या मंडपात नजर फिरविली असता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असेच कोणासही वाटेल. कापूस वेचण्यात आणि तुरी कापण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्यापुढे मेदवृद्धीवर प्रवचन करणे, म्हणजे उपाशी माणसास एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखेच दिसते. तथापि आम्ही हाच विषय हट्टाने घेतला. त्याचे कारण आमच्या घरातले आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आमचे एक चुलतबंधू याच गावी शेती करीत. हातपाय काटकुळे, गालफडे बसलेली; फक्त सदऱ्याखाली पोट तेवढे किंचित पुढे आलेले असे. सणावारी आम्ही गावी आलो की थट्टेने त्या पोटावर टिचकी मारीत असू. वर्षानुवर्षे आम्ही परक्या लोकांची रक्तशर्करा तपासली, परंतु आमच्या या भावाची तपासण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. कारण मधुमेह हा जाड माणसाचा रोग, ही समजूत आमच्याही डोक्यात घट्ट बसलेली होती. पायास झालेली जखम दोन महिने भरली नाही, तेव्हा तपासणी झाली. पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. दोष कोणा परक्याचा नव्हता. आम्ही त्या पोटास टिचकी मारली; त्याभोवती फीत मात्र गुंडाळली नाही.

वास्तविक आमच्यासारख्या वैद्यकव्यवसायी माणसास ही चूक करण्यास सबब नव्हती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे गूढ फार पूर्वी उकलावयास घेतले होते. २००४ साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडमधील त्यांचे स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघेही सडपातळ. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास बॉडी मास इंडेक्स म्हणतात. तो दोघांचाही तंतोतंत एकच, २२.३. परंतु यंत्राने शरीरातील मेद मोजला, तेव्हा गोऱ्या गृहस्थांच्या देहात तो ९.१ टक्के आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांच्या देहात २१.२ टक्के भरला! काटा दोघांस सारखेच तोलत होता. मात्र एकाचे वजन स्नायूंचे होते, तर दुसऱ्याच्या वजनात मेदाचा वाटा दुपटीहून अधिक होता. स्वतःच्याच देहाचा असा दाखला जगापुढे मांडणाऱ्या त्या संशोधकाविषयी आम्हांस मोठा आदर वाटतो.

आता हा मेद राहतो कोठे, यावर सर्व काही अवलंबून आहे. कातडीखाली, मांड्यांवर वा दंडावर साठलेला मेद तुलनेने निरुपद्रवी असतो. घरची कोठी भरली म्हणजे धान्याची पोती माजघरात येतात, तद्वत कातडीखालची जागा अपुरी पडली की मेद आतड्यांभोवती आणि यकृतात उतरू लागतो. तेथील मेद स्वस्थ बसत नाही. त्यातून निघणारी द्रव्ये यकृतास व स्नायूंस इन्सुलिनचे ऐकेनासे करतात; इन्सुलिन असूनही रक्तातील साखर पेशींत शिरत नाही. त्यातच साखर खर्च करणारे मुख्य गिऱ्हाईक जे स्नायू, तेच आपल्याकडे मुळात थोडे. मग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि यकृताचे विकार एकामागून एक दाराशी येतात. काटकुळे हात आणि पुढे आलेले पोट ही जोडी म्हणूनच निरोगीपणाचे चिन्ह समजू नये.

यामुळे मोजण्याचे मापही बदलले आहे. पाश्चात्त्य देशांत निर्देशांक ३० झाला म्हणजे स्थूलता मानीत. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली एकत्र बसून आपल्यासाठी २३ पासून अतिरिक्त वजन आणि २५ पासून स्थूलता अशी मर्यादा ठरविली. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाने ६८ किलो ओलांडले की तो या हिशेबाने स्थूल झाला. आपल्याकडे अशा माणसास लोक 'अंगाने बरा' म्हणतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असेही त्यांनी सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये तर देशोदेशींच्या तज्ज्ञांच्या एका आयोगाने स्पष्टच मांडले, की एकट्या निर्देशांकावरून कोणास रोगी ठरवू नये. कमरेचा घेर वा प्रत्यक्ष मेद मोजावा, आणि मेदामुळे एखाद्या अवयवाचे कार्य बिघडले आहे किंवा कसे, ते पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने लाखाहून अधिक माणसे तपासून जी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सर्वांगाची स्थूलता शंभरात सुमारे २९ जणांत आढळली आणि पोटाची स्थूलता सुमारे ४० जणांत. देशातील मधुमेही १० कोटींच्या वर आहेत, असाही अंदाज त्याच पाहणीवरून निघाला.

शेतकऱ्याच्या पोराच्या पोटी हा मेद आला कोठून? काही अंशी उत्तर उघड आहे. ज्वारीच्या जागी शिवारात सोयाबीन आले आणि ताटात भाकरीच्या जागी पोळी व भात आला. बैलजोडी जाऊन ट्रॅक्टर आला. शेतावर पायी जाणारा मोटारसायकलीवरून जाऊ लागला. दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा होतो. वर्ध्याहून येणारा पाहुणा गोरसपाकाचा पुडा घेऊन येतो, तो आम्हांसही आवडतो, तेव्हा त्याविषयी अधिक बोलत नाही.

परंतु याहून खोल असलेले उत्तर पुणे जिल्ह्यातील खेड्यांत सापडले. १९९३ सालापासून डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सहा गावांतील स्त्रियांच्या गरोदरपणाचा बारकाईने अभ्यास केला. या माता सरासरी सुमारे ४२ किलो वजनाच्या होत्या. त्यांची अर्भके सरासरी २.७ किलोंची भरली; त्याच पद्धतीने मोजलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची अर्भके ३.५ किलोंची. आपल्या मुलांचे दंड बारीक, पोटातील अवयव लहान, स्नायू तोकडे. मात्र पाठीवरील कातडीखालचा मेद मोजला, तो इंग्रज बाळांच्या मानाने फारसा कमी नव्हता. गर्भात अन्न अपुरे पडले तेव्हा निसर्गाने स्नायूंची काटकसर केली आणि मेद राखून ठेवला. मेदाची ही शिदोरी घेऊन जन्मास आलेला जीव पुढे भरल्या ताटावर बसला, की साठवण्याचीच त्याच्या देहास सवय असते. आमच्या भावाचे पोट त्याच्या चाळिशीत सुटले. परंतु त्याचा आरंभ आमच्या काकूंच्या गरोदरपणी, त्यांच्या रित्या ताटात झाला नसेल, असे आज आम्हांस छातीठोकपणे म्हणवत नाही.

त्या अभ्यासातील आणखी दोन गोष्टी आमच्या भगिनींनी, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या सासूबाईंनी, कान देऊन ऐकाव्यात. माता एकंदर किती खाते यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ती किती वेळा खाते, याच्याशी बाळाच्या वाढीचा संबंध अधिक निकट आढळला. आणि पाणी आणणे, धुणी धुणे, शेतात राबणे असे काबाडकष्ट ज्यांना गरोदरपणी अधिक पडले, त्यांची बाळे लहान भरली. पुढे असेही आढळले की त्यांपैकी बहुसंख्य मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस, मासळी यांत मिळते. वनस्पतींत ते नाही. ज्यांच्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. लोहाच्या व फोलेटच्या गोळ्या थांबवाव्यात असा याचा अर्थ कोणी करू नये. त्या आवश्यकच आहेत. जोडीला दुधादह्याची वाटी सुनेच्या ताटातही आली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

आता थोडे कटू बोलतो. आमच्या ज्ञातीत पंगतीचा क्रम काय आहे? प्रथम व्याही आणि पाहुणे, मग घरचे पुरुष, मग मुले, आणि उन्हे कलल्यावर सुना. तोवर जिलबी संपते त्याचे दुःख नाही. पण भाजीही तळास गेलेली असते, आणि उरलेला भात कढीत कालवून ती माउली उठते. मुलगी सडपातळच बरी, तिला दूध कशाला, असे म्हणणाऱ्या घरी आम्ही स्वतः बसलो आहोत. ती मुलगी सासरी जाते आणि वर्षभरात आई होते. तिचे बाळ कृश आणि मेदवंत जन्मले, तर त्या मधुमेहाची तारीख कोणत्या दिवसापासून लावावयाची?

या विषयावर बोलताना हल्लीच्या नव्या औषधांचा प्रश्न हमखास निघतो, म्हणून दोन शब्द. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शने भूक आवरतात. सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरते, असे २०२१ साली सिद्ध झाले. मधुमेह नसलेल्या, परंतु हृदयविकार व जादा वजन असलेल्या १७ हजारांवर रुग्णांत त्याने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयविकाराने येणारे मृत्यू मिळून पाचांशाने घटविले, हे २०२३ साली दिसले. ही मोठी प्रगती होय. ज्यांस ती औषधे आवश्यक आहेत त्यांनी ती घेण्यात कमीपणा मानू नये. मात्र थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत येते, आणि मेदाबरोबर स्नायूही काही अंशी झडतात. ज्यांच्या अंगी मुळातच स्नायू थोडे, त्यांनी ती वैद्याच्या देखरेखीवाचून दुकानातून आणून टोचू नयेत.

आंजीस वजनकाटा आणि फीत या वस्तू नव्या नाहीत. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला जे वैद्यकीय महाविद्यालय उभारले, त्याच्या सामुदायिक वैद्यक विभागाची मंडळी या परिसरात वर्षानुवर्षे येत आली आहेत. तेव्हा आज मंडपाच्या दाराशी आम्ही एक शिंप्याची फीत आणि रक्तशर्करा पाहण्याचे एक लहान यंत्र ठेवले आहे, त्याचे कोणी नवल करू नये. फीत बेंबीच्या किंचित वर, श्वास सोडून धरावयाची. पोट आत ओढून आम्हांस फसविण्यात स्वारस्य नाही. पुरुषांचा आकडा ९०, स्त्रियांचा ८० याच्या पुढे गेला, तर बोट टोचून घ्यावे. जे हडकुळे आहेत त्यांनी तर आधी यावे. आमचे चुलतबंधू तेथे खुर्चीवर बसून नावे लिहून घेत आहेत; ते काम त्यांनी आपणहून मागून घेतले.

आणखी एक विनंती आम्ही कार्यकारी मंडळास केली होती: आजची पहिली पंगत गरोदर भगिनींची, लेकुरवाळ्यांची आणि वाढत्या मुलींची बसावी आणि पुरुषांनी वाढावे. बैठकीत यावर बराच खल झाला. एका वडीलधाऱ्यांनी 'व्याही रुसतील' अशी भीती घातली, ती अगदीच अनाठायी होती असे नाही. शेवटी दोन मतांनी ठराव संमत झाला. पाने मांडली गेलेली दिसत आहेत आणि अंबाडीच्या भाजीचा वासही येथवर येत आहे. वाढपी म्हणून आमचे नाव यादीत पहिले आहे. तेव्हा अध्यक्षांच्या अनुज्ञेने आम्ही येथेच थांबतो.